गोधडीचा घास

हॅलो?… हॅलो, दीपा? जय भीम, जय भीम… आधी बोल वं लवकर. रातभर डोयाले डोया नाही लागला. नोकरी राह्यली का गेली?

…राह्यली? नक्की ना?… अहो, ऐकलं का? राह्यली म्हणते! तुहे बाबा दारातच उभे हायत, चहा निवून गेला त्यायचा.

आता सांग बरं नीट… हो… हो… त्या पाखरायच्या बेटावर जायच्या आधी सगळ्यायच्या बॅगा झटकतात, थे तू मागंच सांगतलं होतं. उंदीर, मुंगी, बी, काहीच जाऊ देत नाहीत… अन् तू लिहून देलं होतं, माह्याजवळ एक दाणा नाही म्हून… अन् मंग गोधडीत जवारी निंघाली. अवं माय!

…चिडू नको ना. मले काय मालूम? गोधडी शिवताना तिच्या पोटात घास ठेवाच लागते. उपाशी गोधडी कोणी अंगावर घेते का? माह्या मायनं ठेवला, मी ठेवला. पोरगी न्यूझीलंडले चालली, अन् गोधडीले उपाशी धाडू?

…अं? त्यायले नाही सापडली? तुह्याच हाताले लागली?… अन् टाका उसवून तूच कामावरच्या मॅडमले नेऊन देली? म्हून वाचली! शहाणी हाय माही बाई.

अन् गोधडी कुठी हाय?… बरफात होती? कायले?… किडामुंगी मरते म्हून? ऐका हो, पोरीची गोधडी फ्रीजमंधी ठेवली होती! हासू नका.

नाही वं, रागावली नाही मी. चार दाण्यानं काय होते, थे मले नको सांगू. गाजरगवत गव्हासंगंच आलं म्हणतात ना? आता वावराच्या धुऱ्यावर दुसरं काही उगवू देते का थे? निंदून निंदून हात खाजतात… हो, तुह्या तिथं जहाजातून उंदीर उतरले… अन् अंडी खाल्ली. खालीच घरटं त्या पाखरायचं, उडता येत नाही, पयतीन कुठी बिचारे?… आता एकही उंदीर नाही बेटावर? मंग बराबर हाय. झटकाच बॅगा.

शेजारच्या मनकर्णाबाईले सांगतो आता. कालपासून इचारून राह्यली, पोरगी वापस येते का म्हून. तिले तर पटतच नाही. म्हणते, इथं जवारीवरची पाखरं हाकलत होती, अन् तिथं पाखरं राखाचा पगार भेटते?

बोट कवा हाय?… आत्ताच? सामान चढवून राह्यले?… बरं, बरं. गोधडी घेतली ना? अन् उशी…

…दीपा. थांब. उशी कोणती हाय संगं? थे बारकी, निळ्या लुगड्याची?… बोटीत बसू नको. उसव तिले. आत्ताच उसव.

…अवं, तिच्यातही घास हाय!… उरलेल्या चिंध्यायची शिवली, म्हटलं गोधडीले देला, उशीनं काय पाप केलं?… दाबून पाह्यली होती? दाबून कसे लागतीन दोन-चार दाणे? ओरडू नको, लाल दोऱ्याचा कोपरा उसव… निंघाले?… चांगलं झटक. जाय, मॅडमले दाखव. मी फोन ठेवत नाही.

…अहो, असं पाहू नका माह्याकडे. सुई तर तुमीच ओवून देली होती.

…हो, हो, हावो ना. काय म्हणे?… हासली? खरंच हासली?… अन् उशी?… राहू दे तिले बरफात, मागून येईन. तू जाऊन राह्यली ना? तू?… हुश्श.

…नाही वं, आता कुठीच दाणा नाही. पक्कं सांगतो. लाडूही नाही देले यावेळी!

…काय? मॅडमलेही पाहिजे अशी गोधडी?… शिवीन ना. हो, हो, उपाशीच शिवीन, सांग तिले. तिच्या वाटचा घास इथं अंगणातल्या चिमण्यायले टाकीन…

हॅलो?… दीपा?… हॅलो?

…बसली वाटते बोटीत. आणा तो कप, चहा गरम करतो.