उंदरिणींची पंगत

...नाही, तुम्हीच सांगा, चोवीस उंदरिणींना रोज ताजं पाणी आणायचं कुठून? लातुरात नळाला महिना झाला पाणी नाही, रेल्वेनं येतंय, रांगेत उदगीरचा जिल्हा होणार की नाही यावर हाणामारी, आणि मागची बाई विचारते, "किती माणसं रे तुमच्यात?" उंदरं म्हणालो तर घागर डोक्यात घालेल! मी काय बोलणार?

तुम्हाला सांगतो, औषधाच्या कॉलेजात पिंजरे झाडायचं काम माझं. शाळा सातवीतच सुटली. तिथल्या सिंधू मॅडमचा अभ्यास कशावर, तर बायकांचा तो आजार... पीसीओडी. ती... पाळी लांबते तो. मॅडम काय करायच्या, औषध देऊन आधी उंदरिणींचं चक्र बंद पाडायच्या, मग दुसऱ्या औषधानं सुरू होतं का बघायच्या. आठ जणींना मात्र काहीच नाही, नुसत्या तुलनेला.

आता आमची शिवकांता, माझी बहीण, तिला हाच आजार! अव्वा, म्हणजे आमची आई, तिला रोज तीळ-गुळाचा काढा पाजते. नाक दाबून पिते बिचारी. म्हणाली, "अण्णा, यानं खरंच गुण येतो का, मॅडमला विचार. नसेल तर माझी सुटका कर."

विचार म्हणे! मॅडमसमोर हा विषय? मी काय बोलणार? म्हटलं, आपणच बघू. चिमूटभर तीळ, खडाभर गूळ, आणि वाढलं उंदरिणींना. पण मठातल्या दासोहात, अन्नदानाच्या पंगतीत वाढणारी माणसं आम्ही! एकीला वाढायचं आणि शेजारणीला नुसतं बघायला लावायचं? चोवीसच्या चोवीस जणींना वाढलं. तीन आठवडे!

मॅडम वजनं बघून ओरडल्या, "गुंडप्पा! औषधवाल्या लठ्ठ, बिनऔषधाच्याही लठ्ठ?"

"तीळगूळ, मॅडम."

"कुणाला?"

"सगळ्यांना. भेद न्हाई केला."

मॅडम स्टुलावर बसल्याच. "अरे, भेद कळावा म्हणून तर गट वेगळे ठेवले ना! निम्म्यांना दिला असतास तर निदान तुझ्या तिळाचं तरी कळलं असतं!"

चार महिन्यांचं काम पाण्यात. काढून टाकतील वाटलं, पण उंदरांसाठी घागर घेऊन रांगेत उभा राहणारा दुसरा कुठून आणणार?

घरी सगळं सांगितलं. शिवकांता आशेनं बघतेय, अव्वानं एवढंच विचारलं, "मग झालं काय त्यांना?"

"काही कळलं न्हाई, अव्वा. लठ्ठ तेवढ्या झाल्या."

"म्हंजे अंगी लागलं की!" अव्वा म्हणाली.

आता काढा दोन वेळा असतो. शिवकांता माझ्याशी बोलत नाही. आणि मी... मी काय बोलणार?