झोपलेला सिंह

आखातातल्या दार्सैतच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या हेलनचे डोळे मोबाइलवर होते, पण कान मागच्या बाकावरच्या दोघींकडे.

"सॅव्हियोने बायकोला टांझानियाला सफारीला नेलं. फोटो बघितलेस, फ्लाविया? सिंह दिसला त्यांना."

"झोपलेला! त्यात काय बघायचं?"

"हत्तीपण होते."

"पाठमोरे."

"किती जळशील गं! तूही जा नवऱ्याबरोबर."

"तो तिकडे लांब दुक्मला, बंदरावर कामाला. महिन्यातून एकदा घरी येतो, आणि आला की नुसता झोपतो."

"मग तुझा सिंह घरीच आहे की!"

"हसू नको, डायना. हा जीपमधला फोटो बघ. समोर एवढा सिंह, आणि सॅव्हियो काय करतोय?"

"काय करतोय?"

"तिच्या टोपीची नाडी बांधतोय."