अठरावी सही

यशश्री : तेवीस पाकिटं. सही घेऊन दिलेली सतरा, साधी सहा. फोडलेलं एकही नाही.

पुष्पाबाई : दुसऱ्याचं पाकीट कसं फोडावं माय? त्याच्यावर नाव हाय ना त्याचं. धर्मराज आसाराम पडघन.

यशश्री : आणि हे सगळं ज्वारीच्या डब्यात?

पुष्पाबाई : रिकाम्या डब्यात. ज्वारीत कशाला ठेवीन? उंदीर कागद खातेत.

यशश्री : आत्या, हा धर्मराज कोण?

पुष्पाबाई : मला काय ठाऊक. पंचवीस वर्सं गिरणी चालवून राह्यले. टेंभुर्णीतलं कोण गव्हावर ज्वारी दळू देत न्हाई, कोणाला जाडं लागतं, समदं तोंडपाठ. ह्या नावाचा एक डबा आला न्हाई कधी.

यशश्री : मग घेतलीस कशाला पत्रं?

पुष्पाबाई : भर उन्हात कल्याण पोस्टमन आल्ता. म्हणला, मावशी, घर नंबर तुमचाच हाय, करा सही. म्हणलं ठेवते. मालक येईल तवा नेईल. लोकांचे डबे न्हाई का ठेवत आपण? दोन-दोन दिवस पडून राहतेत. दाणा इकडचा तिकडं होत न्हाई.

यशश्री : डबा वेगळा आणि हे वेगळं. तू सतरा वेळा सही केलीस. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या कागदावर धर्मराज या घरात सतरा वेळा सापडला.

पुष्पाबाई : म्हंजी माह्याच सहीनं माही गिरणी बुडाली म्हण.

यशश्री : बुडाली नाही. रोज किती डबे यायचे?

पुष्पाबाई : चाळीस. बाजाराच्या दिवशी ज्यादा.

यशश्री : आणि आता?

पुष्पाबाई : काल नऊ. त्यात दोन आपल्याच घरचे.

यशश्री : एकदम इतके कमी?

पुष्पाबाई : तो वसुलीवाला आल्ता ना, अंगद का कोण. गिरणी चालू, तरी चौकापस्तोर आवाज. "कर्ज बुडवून दळण दळता का? सोमवारी माणसं आणतो, गिरणीची मोटार उचलून नेतो!" बाया काय म्हणतीन? गिरणीला कुलूप लागलं तं आपले गहू आत अडकतेत. नंदाबाईनं तं भिजल्या मांजरावानी डबा उचलला न् गेली पलीकडच्या गिरणीवर. तिथलं पीठ गरम निघतं, करपट वास येतो, तरी गेली.

यशश्री : सोमवार म्हणजे उद्या.

पुष्पाबाई : म्हणून तं तुला फोन केल्ता. तुहा बाप म्हणला, देऊन टाक थोडे पैसे, पीडा जाईल.

यशश्री : एक रुपया दिलास तर ते कर्ज तुझंच धरतील. दिलास का?

पुष्पाबाई : न्हाई. पाणी पाजलं फकस्त.

यशश्री : बरं झालं. आता नीट सांग. सगळ्या पाकिटांवर घर क्रमांक एकशे बारा आहे. दारावरच्या पाटीवरही तोच. ही पाटी नवी दिसते.

पुष्पाबाई : बावीस सालच्या उन्हाळ्यात ठोकून गेले पंचायतीवाले. समद्या गावाचे नंबर बदलले. आपला आधी सत्त्याऐंशी होता.

यशश्री : कशावरून?

पुष्पाबाई : कशावरून म्हंजी? जुनी पाटी हाय की घरात.

यशश्री : कुठं?

पुष्पाबाई : त्या कोपऱ्यात, गव्हाच्या पोत्यामागं. उंदराचं बीळ होतं, त्याच्यावर ठोकली. पत्रा चांगला होता, फेकावा कशाला?

यशश्री : पक्कड दे.

पुष्पाबाई : अगं, बीळ उघडं पडन!

यशश्री : आजची रात्र पडू दे. उद्या पंचायत उघडली की दाखला काढते. मग त्याला येऊ दे.

पुष्पाबाई : तुही नोकरी?

यशश्री : रजा टाकते. जालन्याच्या बियाणं लॅबमध्ये रोज चारशे दाणे मोजते, किती उगवले, किती नाही. एक दिवस ही मोजणी.

(सोमवार, दुपारचे बारा. गिरणी चालू आहे.)

अंगद : पडघन आहेत का?

पुष्पाबाई : या. पाणी घेता का?

अंगद : मावशी, गेल्या खेपेला पण पाणीच पाजलं. आज गाडी घेऊन आलोय. माणसं बाहेर आहेत.

यशश्री : नमस्कार. मी यांची भाची. तुमचं ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र दाखवा.

अंगद : मॅडम, गावात सगळे ओळखतात मला.

यशश्री : मी गावात राहत नाही.

अंगद : हे घ्या. झालं?

यशश्री : एक मिनिट, नंबर उतरवून घेते. झालं. आता सांगा, धर्मराज इथं राहतो हे कशावरून?

अंगद : रेकॉर्डवरून. पत्ता हाच. सतरा पत्रं डिलिव्हर झाली, प्रत्येकावर सही. तुम्ही शिकलेल्या दिसता, सही म्हणजे काय ते सांगायला नको.

यशश्री : सही कोणाची?

अंगद : घरातल्यांची.

यशश्री : नाव वाचा ना. तुमच्या मोबाइलमध्ये असेल.

अंगद : ...पुष्पाबाई गाडेकर.

यशश्री : सतराही?

अंगद : सतराही.

यशश्री : म्हणजे घेणारा पडघन नाही, गाडेकर बाई आहे, असं तुम्हाला सतरा वेळा लेखी कळलं. एकदाही कोणी विचारलं नाही, ही कोण?

अंगद : ते बॅक ऑफिसचं काम आहे. मी फील्डवर असतो. बायको असेल, आई असेल, असं आम्ही धरून चालतो.

पुष्पाबाई : आई! ऐकलंस का यशू, बसल्या जागी लेक झाला मला.

यशश्री : हा तुमचा डबा. आत पाकिटं आहेत. मोजा.

अंगद : मोजायचं काय त्यात?

पुष्पाबाई : मोजा हो. आमच्या गिरणीत डबा न मोजता कोणी नेत न्हाई.

अंगद : ...एकवीस, बावीस, तेवीस. सगळी बंद आहेत?

यशश्री : सगळी. सगळ्यात जुनं फोडा. तुमच्या कंपनीचं आहे, तुम्हीच फोडा. कर्जाची तारीख आणि पत्ता, तेवढंच मोठ्यानं वाचा.

अंगद : चौदा जून दोन हजार एकवीस. घर क्रमांक एकशे बारा, टेंभुर्णी, तालुका जाफ्राबाद. बघा, म्हणलो ना, एकशे बारा.

यशश्री : हा पंचायतीचा आजचा दाखला. खालून तिसरी ओळ वाचा.

अंगद : "सदर मिळकतीस मे दोन हजार बावीसपूर्वी घर क्रमांक सत्त्याऐंशी होता..."

यशश्री : आणि ही ती पाटी.

अंगद : हिला पीठ लागलंय.

पुष्पाबाई : मंग काय अत्तर लागन? बिळावर होती.

यशश्री : तुमचा कर्जदार एकवीस साली एकशे बारामध्ये राहत होता. त्या वर्षी हे घर सत्त्याऐंशी होतं. जुनं एकशे बारा म्हणजे स्टँडमागची भाड्याची खोली. तेही दाखल्यात आहे, पुढची ओळ.

अंगद : मॅडम, नंबर बदलले तर आम्हाला कसं कळणार?

यशश्री : विचारून. अजून एक. त्याचा फोटो असेल तुमच्याकडं. आम्हाला दाखवू नका, दुसऱ्याचे कागद आम्हाला दाखवणं तुम्हाला चालत नाही. एकटेच बघा.

अंगद : बघितला.

यशश्री : आत्यासारखा दिसतो?

अंगद : ...मिशा आहेत.

पुष्पाबाई : झालं म्हणायचं की मला बी वाढवायला लावता?

अंगद : मावशी, मला पण वरून टार्गेट आहे. महिन्याला साठ व्हिजिट. मी मुद्दाम नाही केलं.

पुष्पाबाई : व्हय, पोटासाठी करता. मी बी पोटासाठीच दळते. यशू, तो कागद दे त्यांना.

अंगद : हे काय?

यशश्री : पोच. "धर्मराज आसाराम पडघन या नावाची तेवीस बंद पाकिटं श्रीमती पुष्पाबाई भीमराव गाडेकर यांच्याकडून परत मिळाली. सदर व्यक्ती या घरात राहत नाही, हे दाखला पाहून खात्री केली." खाली तुमचं नाव, ओळखपत्राचा नंबर, तारीख. एक प्रत तुमची, एक आमची. तिसरी आजच्या डाकेनं तुमच्या तक्रार अधिकाऱ्याला जाते.

अंगद : बंद कुठं? एक तर मी फोडलं.

यशश्री : बरोबर. दुरुस्त करते. बावीस बंद, एक तुम्ही फोडलेलं.

अंगद : सही ऑफिसला विचारून करावी लागेल.

पुष्पाबाई : मी कोणाला विचारल्तं का? सतरा येळा मी केली, एकदा तुम्ही करा.

अंगद : ...पेन द्या.

पुष्पाबाई : हं. आता जाता जाता एक काम. तिथं दारात उभं राहा, मागच्या खेपेला हुबे होता तिथंच. न् सांगा.

अंगद : काय सांगू?

पुष्पाबाई : जे कागदावर लिहिलं ते. चौकात ओरडून नाव घालवलं, आता चौकात बोलून भरून द्या. नंदाबाई! ए नंदाबाई! पलीकडं कुठं चाललीस डबा घेऊन? थांब जराशी.

नंदाबाई : अगं, मी सहज... गव्हात खडे झाल्ते म्हणून...

पुष्पाबाई : खडे मंग निवड. आधी ऐक. हं, बोला साहेब.

अंगद : या बाईंकडं आमच्या कंपनीचं काही येणं नाही.

नंदाबाई : काय म्हणला? ऐकू न्हाई आलं बाप्पा. गिरणी चालू हाय.

अंगद : गिरणी बंद करा की मावशी.

पुष्पाबाई : काऊन? त्या दिवशी चालू गिरणीत बरोबर ऐकू गेल्तं.

अंगद : या बाईंकडं! आमच्या कंपनीचं! काहीही! येणं नाही! पत्ता चुकला होता! चूक आमची!

नंदाबाई : आता आलं. चहाच्या टपरीवरचे बी वळून बघून राह्यलेत.

पुष्पाबाई : मंग? डबा इकडं ठेवतीस का तिकडं?

नंदाबाई : इकडंच आणून राह्यले होते मी! आधी ज्वारी झाली असन तं गहू नको टाकू.

पुष्पाबाई : पंचवीस वर्सं झाली, मला शिकवती. ठेव. साहेब, तुमची गाडी बाजूला घ्या, डबे यायला वाट लागते.

(बावीस दिवसांनी, फोनवर.)

पुष्पाबाई : यशू, कल्याण पोस्टमन आल्ता. सही घेऊन द्यायचं पाकीट.

यशश्री : घेतलंस?!

पुष्पाबाई : आधी नाव वाचलं. पुष्पाबाई भीमराव गाडेकर. मंग केली सही. न् फोडलं. जिंदगीत पहिल्यांदा माह्या नावाचं पाकीट आलं माय, लाइटबिल सोडून.

यशश्री : काय लिहिलंय?

पुष्पाबाई : लिहिलंय, हा पत्ता त्या खात्यावरून काढला. माणूस पुन्हा येणार न्हाई. झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर. दिलगीर म्हंजी माफी ना?

यशश्री : माफीच.

पुष्पाबाई : मंग माफी लिहावं. सोपं पडतं. दारावर चिकटवलं मी, पाटीच्या खाली.

यशश्री : आत्या, ते फाइलमध्ये ठेव. दारावर झेरॉक्स लाव.

पुष्पाबाई : झेरॉक्सच हाय. इतकी बी येडी न्हाई. अजून एक आल्तं, कोण्या सोमेश्वरच्या नावाचं. कल्याण म्हणला, मावशी ठेवता का? म्हणलं, न्हाई बाबा. "ह्या नावाचं इथं कोणी राहत न्हाई" असं लिहायला लावलं त्याला पाकिटावर, न् परत धाडलं.

यशश्री : आणि कल्याणला?

पुष्पाबाई : पाणी पाजलं. ऊन लई होतं.

यशश्री : जुनी पाटी?

पुष्पाबाई : बिळावर ठोकली परत. बरं, ठेवते आता. बाया खोळंबल्यात, पट्टा बी सैल पडून राह्यला.

यशश्री : थांब. आज डबे किती?

पुष्पाबाई : मोजते. नंदाबाईचे दोन धरून... एकेचाळीस. काट्यावर तीनशे बारा किलो.