नवी सिस्टर

इस्पितळात लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे लांब केसांचा एक माणूस आणि त्याची थोरली बहीण उभी होती.

"अप्पा आज खुशीत होते. नवी सिस्टर फार मायाळू आहे म्हणे."

"ताई, तो मी होतो."

"काय सांगतोस!"

"त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, माझ्या तोंडावर मास्क. केस बघून म्हणाले, सिस्टर, पाणी द्या. पाजलं."

"काही बोलले?"

"म्हणाले, मुलगा आहे एक, केस वाढवून फिरतो. माझ्यासाठी मेला तो."

"अरे, मग सांगायचंस ना, मीच आहे म्हणून!"

"आवाज ओळखला असता, तर पुढचा घोट घेतला नसता त्यांनी."

"कापून टाक रे ते केस एकदाचे!"

"कापतो. मग संध्याकाळी त्यांना पाणी कोण पाजणार?"