वहिनीच्या मशीनवर चालतं

मी, वय ३८, व्यवसाय सॉफ्टवेअर कंपनीत चाचणी विभागाची प्रमुख, राहणार बाजारामागच्या इमारतीत तिसरा मजला, सोबत पती, सासूबाई व धाकटा दीर, आज ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगते ते असे.

आमची कंपनी रुग्णालयांसाठी प्रोग्रॅम लिहिते. डायलिसिस केंद्रात कोणत्या रुग्णाला कधी आणि कोणत्या यंत्रावर घ्यायचे, ते वेळापत्रक आमच्या प्रोग्रॅमवर चालते. माझा दीर, वय २६, याच कंपनीत माझ्या शब्दावर लागला.

हवालदारांनी कंटेनर म्हणजे काय असे विचारले म्हणून सांगते. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे सामान एका बंद डब्यात भरायचे, म्हणजे तो डबा कुठल्याही संगणकावर सारखाच चालतो. रुग्णालयाला देण्याआधी तो आपल्याकडे बांधून तपासायचा असतो. त्यासाठी प्रत्येकाने आपापल्या संगणकावर मांडणी करायची, म्हणजे माहिती कुठल्या पत्त्यावर शोधायची ते लिहून ठेवायचे, आणि बनावट रुग्णांची खोटी माहिती ठेवायची. चाचणी सुरू झाली की आधी तिथली सगळी माहिती पुसते आणि कोऱ्या पाटीवर काम करते. माहिती खोटी असते म्हणून पुसता येते. हे मी दिराला शिकवले होते. एकदा नाही, त्याला जांभया येईपर्यंत.

त्याच्या संगणकावर डबा बांधताना मध्येच अडायचा. तो म्हणायचा, "वहिनी, तुमच्या मशीनवर चालतं, माझंच का रुसतं?" मी म्हणायची, "भाऊजी, रुसलेलं काही नाही. तुम्ही मधली पायरी गाळलीत. पुन्हा पहिल्यापासून करा." पहिल्यापासून करायला अर्धा दिवस जातो. आमच्या भाऊजींना अर्धा दिवस म्हणजे डोंगर.

रविवारी संध्याकाळी मी घरी जेवणाच्या टेबलावर काम करत होते. नवी आवृत्ती रुग्णालयात बसवायची असल्याने खऱ्या यंत्रणेचा पत्ता आणि तिच्यात शिरण्याची किल्ली, म्हणजे माझा पासवर्ड, हे त्या आठवड्यापुरते माझ्या मांडणीत होते. सासूबाईंच्या डोळ्यांत औषध घालायला मी उठले. तेवढ्यात दिराने माझ्या मांडणीचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घेतला, किल्लीसकट. संगणक उघडा का ठेवला, असे साहेबांनी मला विचारले. घरात चोर आहे असे धरून मी सासूबाईंच्या डोळ्यांत औषध घालायला जात नाही, हे माझे उत्तर आहे आणि ते असेच लिहावे.

सोमवारी सकाळी दिराने तो फोल्डर कार्यालयातल्या आपल्या संगणकावर टाकला आणि चाचणी सुरू केली. डबा एका दमात बांधला गेला, त्या आनंदात त्याने शेजारच्यांना चहा पाजला असे मला नंतर कळले. पण त्या मांडणीत पत्ता खऱ्या यंत्रणेचा होता. चाचणीने आपले काम चोख केले आणि केंद्राचे वेळापत्रक कोरे झाले. नोंद माझ्या नावावर पडली, कारण किल्ली माझी. मी त्या वेळी दातांच्या डॉक्टरांसमोर आ वासून बसले होते.

केंद्रावर आलेल्या रुग्णांना "तुमचं नाव दिसत नाही, उद्या या" असे सांगून परत पाठवले. दुपारी आम्ही माहिती परत आणली. मग परत गेलेल्यांना बोलावून घेण्यासाठी केंद्राने फोन केले. त्यांतले एक शिंपी आहेत. त्यांचा फोन मुलीने उचलला. डायलिसिस चुकल्याने छातीत पाणी भरून ते अतिदक्षता विभागात होते. मी हा जबाब देत असताना ते तिथेच आहेत.

सोमवारी संध्याकाळी दीर स्वतःहून माझ्याकडे आला. "वहिनी, माझ्याकडून झालं," म्हणाला. तो रडत होता. मला त्याची दया आली, हे मी नाकारत नाही. मी म्हटले, "सकाळी आपण दोघं कंपनीत जाऊन सांगू. मी तुमच्या बाजूला उभी राहीन." तो हो म्हणाला.

सकाळी मी चपला घालून दारात उभी होते. तो आला नाही, सासूबाई आल्या. म्हणाल्या, "अगं, नाव तर तुझंच लागलंय. आता त्याचं कशाला जोडायचं? त्याचं सगळं आयुष्य पुढे आहे." माझे आयुष्य कुठे आहे ते कुणी सांगितले नाही. पती म्हणाले, "तू जुनी आहेस, तुला सांभाळून घेतील." दीर बाजूला बसून नखे बघत होता. मी विचारले, "भाऊजी, काल मला काय म्हणालात?" तो म्हणाला, "मी कुठे काय म्हणालो?"

मी ठाण्यात जाते म्हटल्यावर सासूबाईंनी मला खाल्ल्या घरचे वासे मोजणारी म्हटले. त्या घरात दोन्ही वेळा मीच रांधते.

चूक कुणाच्याही हातून होते. मला राग चुकीचा नाही. तिकडे एक माणूस श्वासासाठी झगडतो आहे आणि आमच्या घरात त्याची एकानेही चौकशी केली नाही, फक्त कुणाला पुढे करायचे ते ठरवले, याचा राग आहे. आणि ठरवताना कुणाला फार वेळ लागला नाही, याचा त्याहून जास्त.

वेळापत्रक माझ्या किल्लीने पुसले गेले. ते मी पुसले नाही. ते माझ्या दिराने पुसले. तो, पती आणि सासूबाई आत्ता बाहेर बाकावर बसले आहेत.

वरील मजकूर मी सांगितल्याप्रमाणे लिहून घेतला आणि मला वाचून दाखवला. वाचन चालू असताना पती आत आले आणि साहेबांना म्हणाले, "ती रागात बोलतेय हो, उद्या शांत झाली की घ्या." मी रागात आहे. जबाब बरोबर आहे.