बाहुलीला फिट आली तेव्हा

औषधांच्या रांगेत माझ्यापुढे सासरे आणि सून उभे होते. नातीला फिट येते, म्हणून फिट आल्यावर काय करायचं याचा दोघं इथल्याच दवाखान्यात, यंत्राने हातपाय हलवणाऱ्या बाहुलीवर सराव करून आले होते.

“बाबा, बाहुलीने हातपाय झाडले आणि तुम्ही चक्क बाहेर पळालात!”

“डॉक्टरांना बोलवायला गेलो गं.”

“डॉक्टर तुमच्या शेजारीच उभ्या होत्या.”

“दुसऱ्या वेळी पळालो का?”

“नाही. नीट कुशीवर वळवलंत, तोंडात काही घातलं नाहीत.”

“शिवाय ‘आजोबा आहेत हं’ असंही म्हणालो.”

“बाहुलीला?”

“मला तिथे आपली छकुलीच दिसत होती.”

रांग पुढे सरकली.

“बाबा, सोमवारपासून कामावर जाऊ मी?”

“खुशाल जा. फक्त सारखा फोन करू नकोस, छकुली दचकून उठते.”