टाकीला सातवा हात

...नाही, मी म्हणतो, घासायलाही काही मर्यादा असते की नाही? एका माणसाने एक टाकी किती वेळा घासायची? मोटारसायकलची पेट्रोलची टाकी हो, पाण्याची नाही. पाण्याची एवढी घासली असती तर गल्लीने माझा सत्कार केला असता. हे बघा हात. बघा, बघा, संकोच करू नका. नखांत आहे ते रक्त नाही, मरून रंग आहे. आणि हे इथलं, बोटाच्या पेराचं, ते मात्र रक्त आहे. आता मलासुद्धा उजेडात धरल्याशिवाय फरक कळत नाही. मी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसतो. परवा एक बाई रहस्यकथा परत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, अहो, चाळिसाव्या पानावर लाल ठसे आहेत बोटांचे, हे कथेतले की तुमचे?

आणि हे सगळं कुणामुळे? त्या रंगवाल्यामुळे! मी त्याच्या दुकानात नुसता विचारायला गेलो होतो, की बाबा रे, टाकी रंगवून कुठे मिळेल. तर तो काउंटरवर कोपरं टेकून, दातात काडी धरून म्हणतो कसा, "त्यात काय, घरच्या घरी होतं." तुम्हाला सांगतो, या एका वाक्यावर जेवढी घरं बसली असतील ना, तेवढी भूकंपाने बसली नसतील. घरच्या घरी होतं! कुणाच्या घरी? त्याच्या घरी गेलो होतो मी नंतर एकदा, भिंतींना साधा चुना नव्हता.

पण थांबा, आधी बाबांचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसताच कुरकुरतोय. माझे वडील पत्र्याच्या कारखान्यात तपासनीस होते. तेहेतीस वर्षं. मशीनमधून पत्र्याची दारं, झाकणं, पेट्या बाहेर पडायच्या आणि हा माणूस डोळे मिटून त्यांच्यावरून तळहात फिरवायचा. डोळे फसतात, हात फसत नाही, हे त्यांचं ठरलेलं. कुठे केसाएवढी लहर लागली, की "नापास". बास, अपील नाही. घरीही तेच. नवं कपाट आलं, की आधी तळहात. मी पहिल्यांदा दाढी केली तेव्हा माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाले, "डावीकडे राहिलंय." गाडी शिकवायला एकदा मैदानावर घेऊन गेले. मी क्लच सोडला, गाडी पुढे गेली, मी मागे राहिलो. तिथे तर हात फिरवायचीही गरज पडली नाही. मी आजही बसने हिंडतो.

ती गाडी मात्र त्यांची. मरून रंगाची, माझ्या धाकट्या मामाच्या वयाची. बहात्तराव्या वर्षीही सकाळी दूध आणायला गाडी, पेपर आणायला गाडी. दूध कोपऱ्यावर, पेपर त्याच्या शेजारी. आणि एके दिवशी आमच्याच गल्लीत, चालत्या माणसाच्या वेगाने येताना, हातगाडी आडवी आली म्हणून ब्रेक मारला, तोल गेला आणि गाडी अंगावर घेऊन पडले. टाकीला नारळाएवढा पोचा आणि बाबांचा खुबा मोडला. आत धातूची पट्टी घातली, स्क्रू मारले, तीन आठवड्यांनी घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, काठीने चालतील कदाचित. गाडी मात्र विसरा.

मग ताईचा फोन. माझी मोठी बहीण परगावी असते. तिची एक पद्धत आहे, निर्णय तिने लांबून घ्यायचे आणि जवळच्यांनी ते उचलायचे. ताई म्हणाली, गाडी विकून टाका, डोळ्यांसमोर राहिली तर ते पुन्हा बसतील. गल्लीतला वायरमन घ्यायला तयारच होता, त्याला कामावर फिरायला हवी होती. फक्त म्हणाला, टाकी तेवढी नीट करून द्या, असल्या टाकीच्या गाडीवर बसलो तर लोक मला घरातली वायर दाखवणार नाहीत. म्हणून मी रंगवाल्याकडे गेलो. म्हणून तो म्हणाला, घरच्या घरी होतं. म्हणून तुम्हाला सांगतो, हे हात असे आहेत!

वायरमननेच टाकी उतरवून दिली, पेट्रोल काढलं, धुऊन दोन दिवस उन्हात ठेवली. मग मी जुना रंग खरवडला, पोच्यात पुट्टी भरली, ती वाळल्यावर पाण्याचा पेपर... म्हणजे तो काळा पॉलिश पेपर असतो ना, पाण्यात बुडवून घासायचा, तो घेऊन बसलो. चारशे नंबर, सहाशे नंबर, हजार नंबर. नंबर वाढतो तशी टाकी गुळगुळीत होते आणि माणूस खडबडीत. मग प्रायमर. मग बाथरूममध्ये कपडे वाळत घालायच्या दांडीला टाकी टांगली आणि स्प्रेचा डबा घेऊन आत शिरलो. बाहेर आलो तेव्हा टाकी मरून, फरशी मरून, साबण मरून आणि बायकोचा टॉवेल, जो तिने पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता, तोही मरून. तिने तो घडी करून माझ्या ताटाशेजारी ठेवला. बोलली असती तर बरं झालं असतं.

टाकी वाळली. मी ती बाळंतिणीच्या खोलीतून बाळ आणावं तशी दोन्ही हातांवर घेऊन बाबांच्या खाटेपाशी नेली. त्यांना वाटलं तरी काय असेल हो? त्यांनी डोळे मिटले, तळहात फिरवला, आणि एका जागी बोट थांबलं. "डास आहे," म्हणाले. खरंच होता! रंगात पडून तिथेच वाळला होता बिचारा. म्हटलं, एक डास, त्याला काय होतंय. तर म्हणाले, "घास."

घासली. पुन्हा पेपर, पुन्हा प्रायमर, पुन्हा दांडी. रंगाच्या दुसऱ्या हाताला खालच्या कडेला ओघळ आला. घास. तिसऱ्याच्या वेळी हवा दमट होती, सगळ्या टाकीवर साय धरल्यासारखी पांढुरकी झाक आली. ती तर हाताला लागतसुद्धा नव्हती हो, पण त्यांनी त्या दिवशी नेमके डोळे उघडे ठेवले! घास. वायरमन रोज सकाळी दारात. झाली का? होतेय. रंगवाल्याकडे गेलो की तो काडी फिरवत विचारणार, अजून झाली नाही? घरच्या घरी होतं की. आणि खाटेवरून सूचना सुरूच. डबा वीतभर लांब धर. हात थांबवू नकोस, थांबलास की ओघळ. पाणी बदल. मी गॅलरीत घासत असलो की त्यांना आवाजावरून कळायचं मी कुठे पोचलोय. आतून हाक यायची, "कडा सोडतोयस." बायको म्हणाली, अहो, एवढे तर ते दुखण्याआधीही बोलत नव्हते तुमच्याशी.

चौथा हात मात्र, तुम्हाला सांगतो, असा लागला असा लागला, की मी त्यात माझा भांग पाडला. ती टाकी बाबांनी घेतली. तळहात फिरवला. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, पुन्हा एकदा. बराच वेळ. आणि म्हणाले, "इथे लहर आहे. घास."

तेव्हा माझं डोकं फिरलं. टाकी चादरीत गुंडाळली, बसमध्ये मांडीवर घेतली आणि गावाबाहेरच्या गॅरेजमधल्या खऱ्या पेंटरकडे नेली. तीस वर्षं गाड्या रंगवतोय तो. त्याने हात फिरवला, उजेडाखाली तिरपी धरली, आणि विचारलं, कुणी केलीय? म्हटलं, मी. म्हणाला, नोकरी सोडणार असाल तर सांगा. म्हटलं, लहर कुठाय? म्हणाला, लहर? यात लहर काढणारा माणूस एकतर खोटं बोलतोय, नाहीतर त्याला गाडी द्यायची नाहीये.

परतीच्या बसमध्ये मी टाकी मांडीवर घेऊन बसलो आणि मला आपलं ते हळूहळू उमजायला लागलं. टाकी झाली की गाडी जाणार. गाडी गेली की मग खाटेवरून उठायचं कशासाठी? तोवर ते रोज सकाळी आईचा हात धरून बसायचे, पाय खाली सोडायचे, दुखलं तरी दात आवळून दहापर्यंत मोजायचे. मी मूर्ख, मला वाटत होतं ते माझं काम तपासतायत. बाबा दिवस लांबवत होते हो... माझ्या हातून.

घरी गेलो. त्यांनी विचारलं, "कुठे गेला होतास?" म्हटलं, घासायचा पेपर आणायला. तुमचं बरोबर होतं, लहर आहे. आणि गॅलरीत बसून ती आरशासारखी टाकी मी घासून टाकली. पहिला पेपर लावताना हात उचलेना. माझ्या जन्मात तेवढं एक काम मला नीट जमलं होतं.

मग पुढच्या आठवड्यात ते झालं. वॉकर आणला होता. बाबा म्हणाले, आज उभा राहतो. मी वाचनालयात, ही बाजारात, घरात फक्त आई. उभे राहिले म्हणे, दोन पावलं टाकलीसुद्धा, आणि पायातलं बळच गेलं. आई धरायला पुढे झाली आणि ते सबंध तिच्यावर कोसळले. मी पोचलो तेव्हा दोघं जमिनीवर होती. आईचं मनगट मोडलं होतं आणि ती मला सांगत होती, आधी त्यांना उचल. बाबा तिच्या हाताकडे बघत होते. त्यांनी तो हातात घेतला, नेहमीसारखा तळहात फिरवायला गेले आणि तिथली सूज लागताच हात मागे घेतला.

आईच्या हाताला प्लॅस्टर, डॉक्टरांकडे धावपळ, त्यातच मी पाचवा हात दिला. कसा दिला ते मला आठवत नाही. डबा जवळ धरला, मध्येच थांबलो, सगळं केलं जे करू नये ते. चकाकी आली, पण संत्र्याच्या सालीसारखी, आणि पुढून सरळ खाली करंगळीएवढा ओघळ. म्हटलं, दाखवू, शिव्या देतील, घास म्हणतील, निदान काही बोलतील तरी. चार दिवस ते बोललेच नव्हते.

त्यांनी हात फिरवला. ओघळावरून गेला. माझ्या डोळ्यांसमोर गेला हो.

"छान झालीय," म्हणाले. "देऊन टाक त्याला."

मी म्हटलं, "बाबा, ओघळ आहे."

"असू दे."

"सगळीकडे लहर आहे."

"असू दे रे. पास." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? वायरमन दारात उभा, ताई फोनवर, बाथरूम अजून मरून. शहाण्या माणसाने टाकी बसवली असती, गाडी दिली असती, हात धुतले असते. मी गॅलरीत गेलो आणि घासायला बसलो. आई प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून आली, म्हणाली, अरे, त्यांनी पास केली ना? म्हटलं, त्यांनी केली, मी नाही केली. मी मुद्दाम कडा सोडून घासत होतो. मोठ्याने घासत होतो. आतून हाक आली नाही.

वायरमनला सांगितलं, सहावा हात द्यायचाय.  पंधरा दिवसांनी त्याने दुसरी गाडी घेतली, जाताना म्हणाला, तुमच्या घरात काहीतरी वेगळंच चाललंय. ताई म्हणते, तू वडिलांवर गेलास. बायको आता टॉवेलचं नाव काढत नाही, उलट दमट हवा असली की स्वतः हेअर ड्रायर धरून उभी राहते. आणि बाबांनी सहावा हातही तसाच पास केला, पाय खाली सोडणं तर बंदच केलंय. डॉक्टर म्हणतात, प्रयत्न त्यांनाच करायला हवा, आम्ही काय करणार.

म्हणून सातवा हात मी विचार करून दिला. आधीच्या सगळ्या चुका आठवून आठवून. टाकीच्या मधोमध बोटभर जाड ओघळ सोडला, रंगात मूठभर धूळ उडवली, पोच्यातली पुट्टी अर्धी उपटून काढली. परवा नेली त्यांच्याकडे. त्यांचा हात मीच उचलून वर ठेवला, आता ते उचलत नाहीत. तळहात हळूहळू सरकला, ओघळाशी आला... आणि थांबला.  आई दारातून आत येत होती, ती पण थांबली. मनात म्हटलं, बोला हो. एक शब्द बोला.

"छान आहे," म्हणाले.

आज आठवा हात देतोय. खरं सांगायचं तर याहून वाईट काम कसं करायचं तेच मला आता सुचत नाही. जन्मभर या माणसाने मला नापास केलं, एकदाही चुकले नाहीत. आणि आता मी जीव तोडून नापास व्हायला बघतोय, तर तेही मला जमत नाही.